राजाची दाढी करायला प्रत्यक्ष देव गेला, अशी गोष्ट ज्यांच्याबद्दल सांगतात ते संत सेना महाराज कोण होते?

साहेबानं ऑफिसात चारचौघांत झापलं, की आपण म्हणतो त्याची बिनपाण्याची झाली. व्यवहारात कुणी गंडवलं, की म्हणतो हजामत झाली. मराठीत न्हाव्याच्या कामावरून आलेले असे वाक्प्रचार बरेच आहेत आणि त्यातले बहुतेक टिंगलीचे आहेत.

गंमत बघा, बाळाचं जावळ काढण्यापासून माणूस गेल्यावरच्या क्षौरापर्यंत गावाचं एकही मोठं कार्य न्हाव्याशिवाय पार पडत नव्हतं. बारा बलुतेदारांमध्ये त्याचा मान होता, पण तो मान बलुत्यापुरता. पंगतीत आणि बोलण्यात त्याची जागा खालचीच राहिली.

याच कामाला एका माणसानं थेट अभंगात आणून बसवलं. आरसा, चिमटा, पाणी, नखं काढायची नराणी हे सगळं त्यानं भक्तीच्या भाषेत वापरलं. लोकांनीही त्याच्याबद्दल अशी गोष्ट सांगितली, ज्यात खुद्द पांडुरंग खांद्याला धोकटी अडकवून राजवाड्यात हजामत करायला जातो.

तो माणूस म्हणजे संत सेना महाराज, वारकरी ज्यांना सेना न्हावी या नावानं ओळखतात.

सेना महाराज नेमके कुठले?

सेना महाराजांचं चरित्र वाचायला घेतलं की सुरुवातीलाच दोन गावं समोर येतात. एक बीदर आणि दुसरं बांधवगड.

मराठी परंपरेतल्या एका मतानुसार ते बीदरच्या बादशहाच्या पदरी होते. बीदर आज कर्नाटकात असलं तरी मराठवाड्याला अगदी खेटून आहे. उत्तरेकडची परंपरा मात्र त्यांना बांधवगडच्या राजाचे न्हावी मानते. हे बांधवगड म्हणजे मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातला किल्ला, जिथं आज वाघ बघायला पर्यटक जातात.

काळाबद्दलही असंच आहे. वारकरी परंपरा त्यांना ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात बसवते. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ सालची आणि नामदेवांची १३५० सालची मानली जाते. म्हणजे या हिशेबानं सेना महाराज तेराव्या-चौदाव्या शतकातले ठरतात. उत्तरेत ते स्वामी रामानंदांचे शिष्य मानले जातात. नाभादासांच्या भक्तमाल या ग्रंथात रामानंदांच्या शिष्यांची यादी आहे, त्यात कबीर, रैदास, पीपा आणि धना यांच्या बरोबरीनं सेना हे नाव येतं. ही मंडळी साधारण पंधराव्या शतकाच्या आसपासची.

आता बीदरचा धागा धरला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. बहामनी सुलतान अहमदशहानं गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला हलवली ती पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात. सेना महाराज बीदरच्या बादशहाची हजामत करत असतील, तर ते नामदेवांनंतरच्या पिढ्यांमधले असायला हवेत. म्हणूनच काही अभ्यासक मराठी अभंग लिहिणारे सेना आणि हिंदी पदं रचणारे सेना हे दोन वेगळे संत मानतात.

एक तारीख मात्र पक्की आहे. १६०४ साली शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात सैण भगतांचं पद होतं. म्हणजे तोपर्यंत या न्हाव्याचं नाव पंजाबपर्यंत पोहोचलेलं होतं.

त्यांच्या धोकटीत काय असायचं?

सेना महाराजांचे अभंग समजून घ्यायचे तर आधी जुन्या न्हाव्याची धोकटी उघडून बघावी लागते.

धोकटी म्हणजे हत्यारं ठेवायची चामड्याची पिशवी. तिच्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, फणी, आरसा आणि पाण्याची वाटी असायची. शिवाय वस्तऱ्याला धार लावायची पथरी आणि ती धार गुळगुळीत करायचं चामोटं, म्हणजे चामड्याचा पट्टा.

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे वस्तऱ्याची धार राखणं. पथरीवर घासल्यावर पात्याला धार येते, पण तिच्या कडेला डोळ्याला न दिसणारी कूस उरते. तसाच वस्तरा गालावर फिरवला तर तो ओरबाडतो. म्हणून तो चामोट्यावर पुढेमागे फिरवायचा. त्यानं कड सरळ होते आणि पातं केसावरून अलगद चालतं. धार कमी असली तर न्हाव्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की कापतं. धारदार वस्तऱ्यापेक्षा बोथट वस्तऱ्याची भीती जास्त, ती यामुळेच.

दुसरी गोष्ट पाणी. तेव्हा ब्रश नव्हता आणि आजच्यासारखा फेसही नव्हता. न्हावी वाटीतलं पाणी हातावर घेऊन दाढी बराच वेळ चोळायचा. कोरडा केस ताठ असतो. पाणी प्यायला की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. बिनपाण्याची हजामत हा शब्द अपमानासाठी का रूढ झाला असेल, हे इथं कळतं. तशी हजामत खरोखरच सोसवत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे विश्वास. राजाच्या गळ्याला उघडं पातं लावायची मुभा सेनापतीलाही नसते. ती फक्त न्हाव्याला असते. दरबारात खालच्या जागी उभा राहणारा हा माणूस रोज सकाळी राज्यातल्या सगळ्यात ताकदवान गळ्यावर वस्तरा धरून असायचा. सेना महाराजांच्या गोष्टीला जो ताण आहे, तो इथूनच येतो.

ती गोष्ट काय आहे?

मराठीत ही गोष्ट घरोघरी पोहोचली ती ताहराबादच्या महिपतींमुळे. १७६२ साली पूर्ण झालेल्या भक्तविजय या ग्रंथात त्यांनी ती रंगवून सांगितली आहे.

एके सकाळी सेना महाराज पूजेला बसले होते. तेवढ्यात राजाचा माणूस बोलवायला आला. पूजा अर्धी टाकून ते उठले नाहीत. पुन्हा निरोप आला, पुन्हा आला. बायकोनं ते घरी नाहीत असं सांगून वेळ मारून नेली. पण शेजारचा कुणीतरी जाऊन राजाला सांगून आला, की सेना घरातच आहे, देवपूजा करत बसलाय.

राजा भडकला. न्हाव्यानं राजाला ताटकळत ठेवायचं म्हणजे काय! त्यानं सेनाला बांधून नदीत टाकायचा हुकूम दिला.

इकडे सेना महाराज पूजेत गढलेले. मग त्यांच्यासाठी पांडुरंगानं त्यांचंच रूप घेतलं, धोकटी खांद्याला लावली आणि राजवाडा गाठला. न्हावी समोर बघताच राजाचा राग कुठल्या कुठे गेला. हात डोक्याला लागल्यावर त्याला असं सुख वाटलं, जसं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. समोर सुगंधी तेलाची वाटी होती. राजानं सहज त्यात पाहिलं, तर न्हाव्याच्या जागी चतुर्भुज रूप दिसलं. वर पाहिलं तर न्हावीच. राजाला काही सुचेना. त्यानं ओंजळभर मोहरा दिल्या. देवानं त्या धोकटीत टाकल्या, धोकटी घरी नेऊन खुंटीला अडकवली आणि तो दिसेनासा झाला.

राजाला चैन पडेना. त्यानं पुन्हा बोलावणं धाडलं. आता खरे सेना महाराज घाबरतच गेले. सकाळी आपण आलोच नाही, त्याची शिक्षा होणार, असं त्यांच्या मनात. राजा मात्र तेलाची वाटी मागवून मघाचं रूप पुन्हा दाखव म्हणून विनवत होता. धोकटीत मोहरा सापडल्या तेव्हा सेना महाराजांना सगळा उलगडा झाला. आपल्यामुळे देवाला वस्तरा हातात धरावा लागला, या जाणिवेनं ते हेलावून गेले. मोहरा त्यांनी वाटून टाकल्या. पुढे राजाची चाकरी सोडून त्यांनी पंढरीची वाट धरली, असं परंपरा सांगते.

पंजाबात हीच गोष्ट थोडी वेगळी आहे. भाई गुरदासांनी आपल्या रचनेत ती सांगितली आहे. तिथं सेना पूजेला बसलेले नसतात. त्यांच्या घरी साधू उतरलेले असतात आणि त्यांची सेवा करता करता राजाकडे जायची वेळ निघून जाते. देव त्यांच्या रूपात जातो आणि राजा खूश होऊन मोहरांऐवजी अंगावरचा पोशाख देतो.

दोन्ही गोष्टींत चमत्कार आहे, तो मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण लोकांनी गोष्ट कशी रचली ते बघण्यासारखं आहे. देव राजाला शिक्षा करत नाही. सेना महाराजांना सिंहासनावर बसवत नाही. तो त्यांचं अडलेलं काम पूर्ण करतो आणि तेही उत्तम करतो. जनाबाईसोबत जात्यावर बसणारा, चोखोबांसोबत ढोरं ओढणारा विठ्ठल वारकऱ्यांना माहीत होताच. इथं त्यानं वस्तरा धरला आणि दुसऱ्याच्या केसांना, दाढीला, नखांना हात लावला. ज्या कामाला लोक हलकं समजत होते, ते देवाच्या हातून करवून घेतलं.

दोन प्रहर धंदा, मग धोकटीला हात नाही

सेना महाराजांचे अभंग वाचताना आणखी एक गोष्ट कळते. आपण न्हाव्याच्या वंशात जन्मलो, हे ते लपवत नाहीत आणि त्याबद्दल रडतही नाहीत. देवानंच या कुळात जन्म दिला, तर या कुळाचा व्यवहार नीट सांभाळायचा, अशी त्यांची भूमिका दिसते.

एका अभंगात तर त्यांनी स्वतःसाठी कामाचे तास ठरवून घेतलेत. दोन प्रहर धंदा करायचा. त्यानंतर अंघोळ, नामस्मरण आणि मग त्या दिवशी धोकटीला पुन्हा शिवायचं नाही. एक प्रहर म्हणजे तीन तास. म्हणजे साधारण सहा तास काम.

आज हे साधं वाटेल. पण बलुतेदाराच्या जगण्यात असा नियम करणं ही लहान गोष्ट नव्हती. बलुतेदाराला रोजचे पैसे मिळत नसत, सुगीला धान्याच्या रूपात वाटा मिळायचा. त्या बदल्यात पाटलाचं, कुळकर्ण्याचं, कुणाचंही बोलावणं आलं की जावं लागायचं. वेळ त्याची नव्हतीच. अशा माणसानं दिवसाचा एवढा भाग माझा आणि माझ्या देवाचा, असं म्हणणं हा एका अर्थानं हक्कच मागणं होतं. राजाच्या निरोपाला न उठणारा न्हावी ही गोष्ट त्यांच्याच नावावर का जमा झाली असेल, याचा अंदाज या अभंगावरून येतो.

हजामतीचा अभंग

सेना महाराजांची सगळ्यात गाजलेली रचना हजामतीवरचीच आहे. कीर्तनात ती हमखास येते, कारण ऐकणारा हसतो आणि हसता हसता थबकतो.

रचना साधी आहे. आपण न्हावी आहोत आणि अगदी बारकाईनं हजामत करून देतो, असं सांगून ते एकेक हत्यार बाहेर काढतात. गिऱ्हाईकासमोर पहिल्यांदा आरसा धरला जातो, तो आहे विवेकाचा, म्हणजे बरंवाईट ओळखायच्या बुद्धीचा. चिमटा आहे वैराग्याचा. डोक्यावर चोळायचं पाणी शांतीचं आहे. पिळायची शेंडी अहंकाराची आहे. काखा साफ करायच्या त्या भावार्थाच्या आणि कापायची नखं काम-क्रोधाची.

शेतकऱ्यानं शेताची उपमा द्यावी, कुंभारानं मडक्याची द्यावी, हे आपल्याला नवीन नाही. पण काखेतले केस आणि वाढलेली नखं अभंगात आणायला वेगळीच हिंमत लागते. ज्या गोष्टींचा उच्चार करायला लोक लाजतात, त्या सेना महाराजांनी निःसंकोचपणे देवासमोर मांडल्या. कारण त्यांच्यासाठी ते रोजचं काम होतं.

अभंगाचा शेवट सगळ्यात महत्त्वाचा आहे. चारी वर्णांना हात देऊन आपण निवांत झालो, असं सेना महाराज तिथं सांगतात. म्हणजे त्यांच्या हजामतीला कुणीही बसू शकतं. अहंकाराची शेंडी ब्राह्मणालाही असते आणि क्रोधाची नखं राजालाही वाढतात.

हिंगोलीचा धागा

सेना महाराजांचं नाव पंजाबात पोहोचलं, त्या वाटेवर आधी एक मराठी संत चालून गेले होते. ते म्हणजे नामदेव महाराज.

हिंगोली जिल्ह्यातलं कयाधू नदीकाठचं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. आज ते नर्सी नामदेव म्हणूनच ओळखलं जातं आणि तिथं वारकऱ्यांबरोबर शीख भाविकही येतात. कारण गुरू ग्रंथसाहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. त्याच ग्रंथात ज्या १५ भगतांची वाणी आहे, त्यात धनासरी रागातलं एक पद सैण भगतांचं. शिंप्याच्या आणि न्हाव्याच्या घरातून आलेले हे दोन संत एकाच ग्रंथात आहेत. संत रविदासांच्या एका पदात तर नामदेव, कबीर, त्रिलोचन आणि सधना यांच्यासोबत सैण यांचं नाव तरून गेलेल्यांमध्ये घेतलेलं आहे. गुरू अर्जनदेवांनीही एका पदात, लोकांची किरकोळ कामं करणारा हा न्हावी घराघरात कसा ऐकला गेला, याचा उल्लेख केला आहे.

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ आहे. तिथली कथा प्रसिद्ध आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करत असताना त्यांना तिथून उठवून मागच्या बाजूला पाठवण्यात आलं आणि देऊळच त्यांच्या दिशेनं फिरलं, असं सांगतात. जातीवरून देवळातून उठवलं गेल्याची आणि देऊळ फिरल्याची कथा नामदेवांच्या नावावर गुरू ग्रंथसाहिबमध्येही आहे.

औंढ्याची गोष्ट आणि सेना महाराजांची गोष्ट शेजारी ठेवून बघा. एकीकडे शिंप्यासाठी देऊळ तोंड फिरवतं, दुसरीकडे न्हाव्यासाठी देव धोकटी उचलतो. दोन्ही गोष्टी एकच सांगतात. माणसानं कष्टकऱ्याला बाजूला सारलं, तर देव त्या बाजूला जातो.

वस्तरा कुणावर चालवायचा?

गोष्ट सुंदर आहे. पण प्रत्यक्षात गावात काय झालं?

सेना महाराजांनी चारी वर्णांना हात दिला, तरी गावगाड्यानं न्हाव्याच्या हातावर बंधनं घातलीच. कितीतरी गावांत दलितांची हजामत करायची नाही, असा दंडक होता. न्हाव्यानं तो मोडला तर बाकीचं गाव त्याच्याकडे यायचं बंद होई आणि त्याचं बलुतं तुटत असे. स्वतः खालचा मानला गेलेला माणूस अशा रीतीनं दुसऱ्याला आणखी खाली ठेवायचं साधन झाला.

याच वस्तऱ्याचा दुसरा वापर तितकाच क्रूर होता. ब्राह्मण आणि इतर काही उच्च जातींमध्ये नवरा वारला की बाईचं केशवपन करायचे. अनेकदा ती कोवळी पोर असायची. तिच्या डोक्यावर वस्तरा फिरवायचं काम न्हाव्याकडे यायचं.

इथं मात्र न्हाव्यांनी हात आखडला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीनं केशवपनाविरुद्ध आवाज उठवला होता. फुल्यांचे सहकारी आणि गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० च्या सुमारास मुंबईतले न्हावी एकत्र आले. विधवांचं मुंडण हे पाप आहे आणि ते आपण करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. न्हाव्यांचा संप म्हणून तो इतिहासात नोंदला गेला. हातावर पोट असणाऱ्यांनी मिळकतीवर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय होता.

दलितांच्या बाबतीतला अन्याय संपायला त्याहून जास्त वेळ लागला. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये संविधान सभेत सार्वजनिक ठिकाणी भेदभाव न करण्याच्या कलमावर चर्चा झाली. दुकान या शब्दात लाँड्री आणि केस कापायचं सलून येतं का, असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थानं घ्यायचा असल्याचं स्पष्ट केलं. जो माणूस लोकांना सेवा देतो, त्याला जात बघून ती नाकारता येणार नाही. सेना महाराजांच्या अभंगातलं शेवटचं वाक्य कायद्यात यायला अशी काही शतकं गेली.

मग ब्लेड आलं

धोकटीतल्या वस्तऱ्याला खरा धक्का दिला तो एका अमेरिकी फिरत्या विक्रेत्यानं. किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ साली बॉस्टनमध्ये कंपनी काढली आणि १९०४ साली त्यांना पातळ, दुधारी, फेकून देता येणाऱ्या ब्लेडच्या रेझरचं पेटंट मिळालं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षात, त्यांचे फक्त ५१ रेझर खपले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे रेझर वाटले गेले आणि घरच्या घरी दाढी करायची सवय पसरत गेली.

आपल्याकडेही हळूहळू तेच झालं. रोजची दाढी घरात आली. न्हावी बलुत्यावरून रोख पैशावर आला, झाडाखालून सलूनमध्ये आला. त्याच्या वस्तऱ्याचं पातंही बदललं. आता दुधारी ब्लेडचे दोन तुकडे करून त्यातला एक मुठीच्या वस्तऱ्यात बसवतात. एकाच वस्तऱ्यानं सगळ्यांची दाढी केली तर रक्तातून कावीळ आणि एचआयव्हीसारखे संसर्ग जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं ब्लेड, हा नियम महत्त्वाचा. सलूनमध्ये बसल्यावर ब्लेड आपल्यासमोर बदललं का, हे बघायला लाजायचं कारण नाही.

अलीकडे ब्रश, साबण आणि दुधारी ब्लेड घेऊन जुन्या पद्धतीनं दाढी करणारे पुन्हा वाढलेत. त्यांनाही जुन्या न्हाव्याचेच नियम लागू पडतात. पहिलं पाणी. कोमट पाण्यानं दाढी दोन-तीन मिनिटं भिजू द्यायची. ब्रश त्या कामासाठीच असतो, तो केस उभे करतो आणि फेस मुळापर्यंत नेतो. डुकराच्या केसांचा ब्रश राठ असतो, तो आधी पाण्यात भिजवून ठेवावा लागतो. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश मऊ असतो, जास्त पाणी धरतो, पण महाग पडतो. कृत्रिम धाग्यांचा ब्रश लवकर सुकतो आणि तोंडाला प्राण्याचे केस नको असणाऱ्या माळकऱ्यालाही चालतो.

ब्लेडचंही तसंच. सगळ्यात धारदार ते सगळ्यात चांगलं, असं नसतं. राठ दाढीला तीक्ष्ण ब्लेड लागतं, तर नाजूक कातडीला जरा सौम्य. दोन-तीन प्रकारची थोडी थोडी ब्लेडं आणून आपल्याला कुठलं मानवतं ते ठरवावं. केस ओढले जाऊ लागले की ब्लेड बदलायचं, चार पैसे वाचवायला जोर लावायचा नाही. रेझर त्याच्या वजनानं चालू द्यायचा. पथरी आणि चामोट्यावर तासन् तास घालवणारा न्हावी यापेक्षा वेगळं काही करत नव्हता.

आज सेना महाराज कुठे आहेत?

श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी असते. नाभिक समाज गावोगावी ती साजरी करतो, कीर्तन होतं, महाप्रसाद होतो. उत्तरेत मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात या व्यवसायातले अनेकजण सेन किंवा सैन हेच आडनाव लावतात. एका संताचं नाव पुढे समाजाचंच नाव झालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी सलूनमध्ये आरशाच्या वरच्या बाजूला त्यांची तसबीर दिसते.

सेना महाराज बीदरचे की बांधवगडचे, नामदेवांच्या काळातले की नंतरचे, यावर वाद चालत राहतील. त्यांच्या नावानं पोहोचलेला विचार मात्र दोन्हीकडे सारखा आहे. त्यांनी संत व्हायचं म्हणून आपलं न्हावीपण पुसून टाकलं नाही. धोकटी घेऊनच ते संतांच्या पंगतीत बसले आणि तिच्यातली हत्यारं कुठल्याही जातीच्या माणसासाठी उघडी ठेवली.

पुढच्या वेळी कुणाची बिनपाण्याची झाली म्हणून हसताना एवढं आठवलं तरी पुष्कळ आहे. दाढीला पाणी लावून, धार तपासून, हलक्या हातानं काम करणारा माणूस समोरच्याला इजा होऊ नये म्हणून रोज काळजी घेत असतो. ती काळजी देवानंही स्वतःच्या हातानं घेतली, अशी गोष्ट लोकांनी एका न्हाव्यासाठी काही शतकं जपून ठेवली आहे.